रिच वेब ॲप बांधताना: आधी अवस्थांचा तक्ता, मग कोड

सर्व्हरला विनंती पाठवली, दहा सेकंद उलटले, उत्तर आलं नाही. नोंद झाली की नाही झाली? अशा वेळी तुमचं ॲप काय करतं एवढं पाहिलं तरी ते विचार करून बांधलंय की जमेल तसं वाढत गेलंय, हे कळतं.

मला हे उशिरा उमगलं. बैठकीच्या खोल्या आरक्षित करण्याचं एक रिच वेब ॲप, म्हणजे पान न बदलता ब्राउझरमध्येच बरंचसं काम करणारं ॲप, माझ्याकडे होतं. कॅलेंडरवरचा चौकोन ओढून वेळ बदलता यायची, दिसायलाही छान होतं. पण नेटवर्क मंदावलं की लोक 'नोंदवा' बटन पुन्हा दाबत आणि एकाच बैठकीच्या दोन-तीन नोंदी पडत. मी बटन दाबल्यावर ते बंद ठेवायची सोय केली, तर कधीकधी ते बंदच राहू लागलं. त्यावर उपाय म्हणून कोडमध्ये आणखी एक 'जर' (अट) घातला. आठवडाभर असे 'जर' घालत राहिलो. शेवटी कागद घेतला आणि त्या एका फॉर्मच्या किती अवस्था असू शकतात, म्हणजे तो कोणकोणत्या स्थितीत असू शकतो, ते लिहून काढलं. अर्ध्या तासात तीन बग सापडले. त्यातले दोन तोवर कोणी कळवलेही नव्हते.

तो अर्धा तास कोड लिहिण्याआधी कसा काढायचा, आणि कोड वाढत गेला तरी तो कागद खरा कसा ठेवायचा, ते इथे सांगतो. उदाहरण तेच, खोल्यांच्या आरक्षणाचं.

हे ओझं ब्राउझरवर कसं आलं

जुन्या वेबसाइटवर प्रत्येक क्लिकला नवं पान यायचं. वापरणारा कुठे आहे, त्याने काय भरलंय, हे सर्व्हरला ठाऊक असायचं. ब्राउझर आलेलं पान दाखवायचा. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलायची सोय दिली. 'रिच इंटरनेट ॲप्लिकेशन' हा शब्दप्रयोग २००२ मध्ये मॅक्रोमीडिया कंपनीने फ्लॅशच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि ॲप चालवणाऱ्या तिच्या सॉफ्टवेअरच्या, संदर्भात आणला. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी त्या मागच्या मागे बोलण्याच्या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिलं. फ्लॅशला मिळणारा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, पण त्या वर्षांत जे बदललं ते कायम राहिलं: अवस्था ब्राउझरमध्ये उतरली. एकाच माहितीच्या आता दोन प्रती असतात, एक डेटाबेसमध्ये आणि एक वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. काही क्षण त्या जुळत नाहीत. रिच ॲपमधले खरे चिवट बग त्या क्षणांमध्ये राहतात, आणि आपल्याला मॉडेल, म्हणजे ॲप कसं वागेल याचं कागदावरचं चित्र, हवं आहे ते त्या क्षणांचं.

यूएमएल ही आकृत्यांची भाषा १९९७ मध्ये ओएमजी या संस्थेने प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्या २.५ आवृत्तीत १४ प्रकारच्या आकृत्या आहेत. नवीन माणूस ही यादी पाहूनच घाबरतो आणि मग काहीच काढत नाही. तुम्हाला तीन आकृत्या आणि एक तक्ता पुरेल.

पायरी १: शब्द ठरवा

एका पानावर ॲपमधल्या नामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे एका वाक्यात अर्थ लिहा. 'आरक्षण', 'बुकिंग', 'बैठक' आणि 'स्लॉट' हे चार शब्द एकाच गोष्टीसाठी वापरले जात असतील, तर एक ठेवा आणि तीन सोडा. हाच शब्द स्क्रीनवर, कोडमध्ये आणि डेटाबेसच्या टेबलला वापरा. आमच्याकडे 'बैठक' आणि 'आरक्षण' या खरोखरच वेगळ्या गोष्टी निघाल्या: दर सोमवारची बैठक एक, तिची आरक्षणं बावन्न. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर पुढे डेटाबेसची रचना मोडावी लागली नसती.

पायरी २: माहिती काय, आणि ती राहते कुठे

पहिली आकृती घटक आणि त्यांच्या संबंधांची, म्हणजेच ईआर आकृती. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही पद्धत अजून तितकीच कामाची आहे. खोली, व्यक्ती, बैठक, आरक्षण असे चार चौकोन काढा, त्यांना जोडणाऱ्या रेघा ओढा, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला 'एक' की 'अनेक' ते लिहा.

मग नियम लिहा. आमचा सर्वांत महत्त्वाचा नियम असा: एका खोलीची दोन आरक्षणं एकमेकांवर चढता कामा नयेत. 'चढणं' म्हणजे नेमकं काय तेही तिथेच नोंदवा. पहिल्याची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटाच्या आधी असेल, आणि दुसऱ्याची सुरुवात पहिल्याच्या शेवटाच्या आधी असेल, तर ती चढतात. सुरुवातीचा क्षण धरायचा आणि शेवटचा सोडायचा, म्हणजे दहा ते अकराची आणि अकरा ते बाराची बैठक भांडत नाहीत. हा नियम राखायची जबाबदारी डेटाबेसवर टाका. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यासाठी एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट आहे, म्हणजे एकमेकांवर चढणाऱ्या नोंदी नाकारणारा नियम. ब्राउझरनेही तपासावं, पण ते वापरणाऱ्याच्या सोयीसाठी. एकाच क्षणी दोन ब्राउझरना ती खोली मोकळी दिसू शकते.

वेळेबद्दल एक सूचना. घडून गेलेल्या गोष्टींसाठी यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेली प्रमाण वेळ, पुरते. पुढच्या वर्षीच्या बैठकीसाठी स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव दोन्ही साठवा, कारण घड्याळं पुढे-मागे करण्याचे नियम सरकारं मध्येच बदलतात.

या पायरीचा दुसरा भाग नवीन लोक बहुधा गाळतात. स्क्रीनवर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला विचारा: तू कुठे राहतेस? उत्तरं साधारण चार निघतात. काही माहिती सर्व्हरची असते आणि ब्राउझरकडे तिची फक्त प्रत असते, जशी आरक्षणांची यादी. काही निव्वळ स्क्रीनची असते, जसा उघडा किंवा मिटलेला मेनू. काही पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये राहायला हवी, जसा निवडलेला आठवडा. आणि काही साठवायचीच नसते, कारण ती इतर माहितीवरून काढता येते. 'आज किती खोल्या मोकळ्या आहेत' हा आकडा वेगळा साठवलात, तर तो एक दिवस यादीशी जुळणार नाही. तो दर वेळी मोजा.

पायरी ३: अवस्थांचा तक्ता

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

माझ्या फॉर्ममध्ये हो-नाही प्रकारचे चार व्हेरिएबल होते: लोड होतंय, जतन होतंय, चूक आहे, पक्कं झालं. चार व्हेरिएबल म्हणजे २×२×२×२, एकूण १६ जोड्या. 'जतन होतंय' हो आणि 'पक्कं झालं' हेही हो, याचा अर्थ काय? काहीच नाही. १६ पैकी बहुतेक जोड्या अशाच निरर्थक होत्या, पण कोड त्यांत जाऊ शकत होता आणि जातही होता. बटन कायमचं बंद राहायचं ते अशाच एका जोडीत अडकून.

त्याऐवजी अवस्थांना नावं द्या आणि एका वेळी एकच अवस्था असेल असं ठरवा. आमच्या आरक्षणाच्या शेवटी सात निघाल्या: मसुदा, जतन चालू, पक्की, नाकारली, उत्तर नाही, रद्द होत आहे, रद्द. मग काय काय घडू शकतं ते लिहा. आमच्याकडे आठ घटना होत्या: वेळ बदलली, 'नोंदवा' दाबलं, 'रद्द करा' दाबलं, सर्व्हरचा होकार आला, नकार आला, मुदत संपली, पान रिफ्रेश झालं, दुसऱ्या कोणाचं आरक्षण त्याच वेळेवर आलं. सात ओळी, आठ रकाने, एकूण ५६ चौकोन. प्रत्येक चौकोनात लिहायचं: या अवस्थेत ही घटना घडली, तर पुढची अवस्था कोणती? एक तुकडा असा दिसत होता:

| अवस्था | 'नोंदवा' दाबलं | होकार आला | नकार आला | मुदत संपली |
|---|---|---|---|---|
| मसुदा | जतन चालू | ? | ? | घडत नाही |
| जतन चालू | काही करायचं नाही | पक्की | नाकारली | उत्तर नाही |
| उत्तर नाही | तीच विनंती पुन्हा, जतन चालू | पक्की | नाकारली | घडत नाही |

प्रश्नचिन्हं पाहा. मसुद्याला सर्व्हरचा होकार कसा येईल? पहिल्यांदा मी तिथेही 'घडत नाही' लिहिलं होतं. मग लक्षात आलं की जतन चालू असताना कोणी 'मागे' दाबून मसुद्यावर परतलं, तर होकार मसुद्याच्या अवस्थेत येऊन थडकतो. सर्व्हरवर आरक्षण झालेलं, आणि वापरणाऱ्याला वाटतं की आपण अजून भरतोय. यावर दोन मार्ग होते: जतन चालू असताना मागे जाऊ न देणं, किंवा मागे जाताना रद्द करण्याची वेगळी विनंती पाठवणं. आम्ही पहिला घेतला. कुठला घ्यायचा हे तुमच्या वापरणाऱ्यांवर अवलंबून आहे, पण तो निर्णय कोणीतरी शुद्धीत घेतलेला असला पाहिजे.

'उत्तर नाही' ही अवस्था नवख्यांच्या तक्त्यात जवळजवळ कधीच नसते. ते मुदत संपली की थेट 'चूक झाली' दाखवतात. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे. विनंती जाताना हरवली असेल किंवा काम पूर्ण होऊन उत्तर परतताना हरवलं असेल, आणि ब्राउझरला यातला फरक कळण्याचा मार्ग नाही. म्हणून ती स्वतंत्र अवस्था ठेवा आणि स्क्रीनवरही खरं ते सांगा: 'नोंद झाली का ते अजून कळलेलं नाही, पुन्हा तपासतो.'

तक्ता भरला की त्याचीच आकृती काढा, अवस्थांचे गोल आणि घटनांचे बाण. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी लढाऊ विमानाच्या यंत्रणेवर काम करताना अशा आकृत्यांना पुढची पायरी दिली आणि १९८७ मध्ये 'स्टेटचार्ट' म्हणून मांडली. त्यांत अवस्थेच्या पोटात अवस्था ठेवता येते आणि दोन गोष्टी शेजारी-शेजारी चालू आहेत असंही दाखवता येतं. वीसेक बाण झाले की साधी आकृती कोळिष्टकासारखी दिसू लागते, तेव्हा पोटातल्या अवस्थांचा उपयोग कळतो. त्याआधी त्यांच्या मागे लागू नका.

कोडमध्ये हा तक्ता एका फंक्शनमध्ये बसतो: अवस्था आणि घटना आत, नवी अवस्था बाहेर. हे फंक्शन सर्व्हरशी बोलत नाही, स्क्रीन रंगवत नाही, घड्याळही पाहत नाही. टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टला टाइपची जोड देणारी भाषा) वापरत असाल तर डिस्क्रिमिनेटेड युनियनने, म्हणजे 'यांपैकी नेमका एकच प्रकार' सांगणाऱ्या टाइपने, प्रत्येक अवस्थेसोबत फक्त तिचीच माहिती ठेवा: नाकारल्याचं कारण 'नाकारली' मध्येच, आरक्षणाचा क्रमांक 'पक्की' मध्येच. मग निरर्थक जोड्या लिहू गेलात तरी कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तपासणारा प्रोग्राम, अडवतो.

पायरी ४: ब्राउझर आणि सर्व्हर यांचं बोलणं

तिसरी आकृती क्रमाची, म्हणजे सीक्वेन्स डायग्राम. दोन उभ्या रेघा, एक ब्राउझरची आणि एक सर्व्हरची, मध्ये येणारे-जाणारे बाण. सगळं सुरळीत चाललेलं चित्र एकदाच काढा. त्यानंतर एकेक बाण खोडून पाहा: हा पोचला नाही तर? हा उशिरा पोचला तर? हा दोनदा पोचला तर?

दोनदा पोचण्यावरचा उपाय असा. मसुदा उघडताच ब्राउझरने एक अद्वितीय क्रमांक तयार करावा, यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक) चालेल, आणि तो प्रत्येक विनंतीसोबत पाठवावा. सर्व्हरने तो डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंटसह, म्हणजे तोच क्रमांक दोनदा घेऊ न देणाऱ्या नियमासह, साठवावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर परत द्यावं. याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. माझ्या दुहेरी नोंदी यामुळेच थांबल्या. बटन बंद ठेवण्याची कसरत त्यासाठी लागलीच नाही.

उशिरा पोचण्याचं उदाहरण: कोणी सोमवारच्या खोल्या मागितल्या आणि लगेच मंगळवारच्या. मंगळवारचं उत्तर आधी आलं, सोमवारचं नंतर. वर शीर्षक मंगळवारचं, खाली यादी सोमवारची. ब्राउझरमधली अबॉर्टकंट्रोलर ही सोय वापरून जुनी विनंती रद्द करा, किंवा उत्तर आल्यावर ते आत्ता निवडलेल्या दिवसाचंच आहे ना हे पाहा.

दोघांनी एकच आरक्षण एकाच वेळी बदललं तर नंतरचा आधीच्याच्या बदलावर पाणी फिरवतो. त्यासाठी एचटीटीपीमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांत, सोय आहे. सर्व्हरने ईटॅगमधून आवृत्ती सांगायची, ब्राउझरने बदल पाठवताना ती इफ-मॅच हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या जास्तीच्या ओळीत) परत द्यायची, आणि मधल्या काळात आवृत्ती बदलली असेल तर सर्व्हरने ४१२ हा उत्तराचा सांकेतिक आकडा पाठवायचा. खोली दुसऱ्याने घेतली असेल तर ४०९. हे दोन आकडे वेगळे ठेवा, कारण वापरणाऱ्याने पुढे करायची गोष्ट वेगळी आहे: एकात नवी माहिती पाहून पुन्हा ठरवायचं, दुसऱ्यात वेळ किंवा खोली बदलायची.

किती वेळ थांबायचं? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये दिलेल्या मर्यादा आजही वापरात आहेत. ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळाला तर तो लगेच मिळाल्यासारखा वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. कॅलेंडरवर चौकोन ओढल्यावर तो तिथेच हलला पाहिजे, सर्व्हरची वाट न पाहता. याला ऑप्टिमिस्टिक अपडेट म्हणतात. पण मग नकार आला तर चौकोन परत न्यायला मूळची जागा लक्षात ठेवावी लागते, म्हणजे तक्त्यात आणखी एक ओळ. नवीन आरक्षणाला मी ही पद्धत वापरत नाही. 'खोली मिळाली' असं सांगून दोन सेकंदांनी 'नाही मिळाली' म्हणणं लोकांना फार खटकतं.

पायरी ५: पत्ता आणि मागे जायचं बटन

हे थोडक्यात. कुठल्या स्क्रीनवरून कुठे जाता येतं याचा कच्चा नकाशा काढा आणि ज्या स्क्रीनची लिंक कोणाला तरी पाठवावीशी वाटेल तिला स्वतःचा यूआरएल द्या. मग प्रत्येक स्क्रीनवर ब्राउझरचं मागे जायचं बटन आणि रिफ्रेश दाबून काय व्हावं ते नकाशावरच लिहा. अर्धवट भरलेला मसुदा रिफ्रेशने जाणार असेल तर तेही स्पष्ट लिहा. अशा नकाशांसाठी ओएमजीची आयएफएमएल ही स्वतंत्र भाषा आहे. मोठ्या, पुष्कळ स्क्रीनच्या कामात ती पाहण्यासारखी आहे, सुरुवातीला चौकोन आणि बाण पुरतात.

पायरी ६: एक पातळ, पण आरपार काप

आता कोड. आधी सगळा डेटाबेस, मग सगळे एपीआय (ब्राउझरने सर्व्हरला काय विचारायचं त्याची दारं), मग सगळ्या स्क्रीन असं करू नका. एक आरक्षण करण्याची एकच वाट घ्या: बटनापासून डेटाबेसपर्यंत आणि परत. दिसायला ओबडधोबड चालेल, पण त्या वाटेवरच्या तक्त्यातल्या सगळ्या अवस्था त्यात असल्या पाहिजेत, 'उत्तर नाही' सुद्धा. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मंद करा, मग पूर्ण बंद करा, आणि हाताने वापरून पाहा. तक्त्यातल्या चुका इथे उघड्या पडतील. त्या दुरुस्त झाल्यावरच दुसरा काप घ्या.

पायरी ७: रोजची शिस्त

कागदावरचं मॉडेल महिन्याभरात खोटं होतं, आणि खोटं मॉडेल नसलेल्या मॉडेलपेक्षा जास्त घातक, कारण नवा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून आकृत्या मर्मेड किंवा प्लांटयूएमएल या मजकुरातून आकृती काढणाऱ्या साधनांत मजकूर म्हणून लिहा आणि कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवायच्या साठ्यात, ठेवा. नियम एकच, पण कडक: अवस्था किंवा घटना बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल तपासून घेण्याच्या मागणीत) तक्त्यातला बदलही असला पाहिजे. नसेल तर रिव्ह्यू करणाऱ्याने ती परत पाठवायची, कितीही घाई असली तरी.

प्रत्येक चौकोनाची एक टेस्ट, म्हणजे तो चौकोन आपोआप तपासणारा छोटा कोड, लिहा, 'काही करायचं नाही' आणि 'घडत नाही' यांचीही. ५६ टेस्ट ऐकायला खूप वाटतात, पण ते फंक्शन कशावरच अवलंबून नसल्यामुळे त्या सगळ्या क्षणात चालतात. खऱ्या ब्राउझरमधून जाणाऱ्या टेस्ट मोजक्याच ठेवा. त्या हळू असतात आणि कधीकधी उगाच पडतात.

'आम्ही अजाइल (छोट्या टप्प्यांनी, बदल स्वीकारत काम करणारे) आहोत, आकृत्या काढत नाही' असं तुम्हाला कोणी सांगेल. फेब्रुवारी २००१ मध्ये १७ जणांनी लिहिलेल्या अजाइल जाहीरनाम्यात सविस्तर दस्तऐवजांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त महत्त्व दिलंय हे खरं, पण दस्तऐवजांनाही मोल आहे हे त्यातच लिहिलंय. आपला तक्ता एका पानाचा आहे आणि दर आठवड्याला बदलतो. छोट्या टप्प्यांनी काम करण्याशी त्याचं काहीच वैर नाही.

आणि काय काढू नये, तेही सांगतो. प्रत्येक कॉम्पोनंटची (स्क्रीनच्या तुकड्याची) क्लास डायग्राम, म्हणजे कोडच्या अंतर्गत रचनेची आकृती, काढू नका. ती कोड वाचून कळते आणि उद्या बदलते. फक्त माहिती दाखवणाऱ्या, काहीच न बदलणाऱ्या स्क्रीनला अवस्थांचा मोठा तक्ता नको. लोड होतंय, आलं, रिकामं, चूक एवढं बस्स. एखादी आकृती तीन महिन्यांत कोणी उघडलीच नसेल, तर ती काढून टाका.

बग आला की

कोड उघडण्याआधी तक्ता उघडा आणि विचारा: हा बग कोणत्या चौकोनातला? चौकोनात लिहिलंय ते बरोबर असेल तर कोड चुकलाय, आणि त्या चौकोनाची टेस्ट कुठेतरी कच्ची आहे. चौकोनातच चूक असेल तर आधी तो सुधारा, मग टेस्ट, मग कोड, याच क्रमाने. आणि बग कुठल्याच चौकोनात बसत नसेल, तर एखादी ओळ किंवा रकाना राहून गेलाय.

आमचा नववा रकाना असाच आला. एका व्यक्तीने दोन टॅब उघडून एकात वेळ बदलली आणि दुसऱ्यात रद्द केलं. 'माझ्याच दुसऱ्या टॅबमधून बदल आला' हा रकाना वाढवला, सात नवे चौकोन मिळाले. सहा आम्हीच भरले. सातव्यासाठी वापरणाऱ्यांकडे जावं लागलं: एका टॅबमध्ये जतन चालू असतानाच दुसऱ्यात तेच आरक्षण रद्द झालं, तर शेवटी काय उरावं? त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, रद्द. खोली मोकळी झाली असं समजून दुसरं कोणी तिच्याकडे निघालेलं असतं.